उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांचं काय?

गावाचा कारभार : लेखांक 11

घरपट्टी आणि पाणीपट्टीतून ग्रामपंचायतीच्या हाती किती पैसा येतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. त्याच पैशातला एक छोटा कप्पा आजचा विषय आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा राज्य सरकारचा 2018 सालचा आदेश आहे. नगरपालिका-महापालिकांनाही तोच दंडक आहे. त्याआधी हा आकडा 3 टक्के होता. 1995 च्या कायद्यानं गरिबी निर्मूलनाच्या योजनांत किमान 3 टक्के वाटा अपंगांसाठी राखायला सांगितला होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तो 5 टक्क्यांवर नेला आणि राज्यानं आपला आकडाही वाढवला.

कागदावर हे भरघोस दिसतं, म्हणून आधी हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29.63 लाख दिव्यांगांची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या 2.6 टक्क्यांच्या आसपास. तीन हजार वस्तीच्या गावात याच प्रमाणानं अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी माणसं होतात. या गावाची वसुली बरी आहे आणि पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला सहा लाख आहे असं धरू. त्याचे 5 टक्के म्हणजे 30,000 रुपये. डोई 380 रुपये, तेही वर्षाला.

एवढ्या रकमेत करायचं काय? बहुतेक पंचायती सोपा मार्ग धरतात. दिवाळीच्या तोंडावर, 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला, नाहीतर मार्चअखेरीस घाईघाईनं प्रत्येकाच्या खात्यात पाचशे-हजार रुपये टाकतात आणि फोटो काढतात. लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. जिथं एवढंही होत नाही, तिथं निधी पडून राहतो. बच्चू कडूंनी आमदार असताना महापालिका आयुक्तांच्या दालनापर्यंत जाऊन राडा केला, तो याच अखर्चित निधीवरून. त्यांच्या पद्धतीबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण पैसे पडून होते ही तक्रार खोटी नव्हती.

तरी माझा आक्षेप रक्कम तुटपुंजी असण्यावर नाही. या कप्प्यामुळे एक भलतीच समजूत पक्की झाली आहे. दिव्यांगांचे पाच टक्के बाजूला काढले की उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांशी त्यांचा संबंध संपला, अशी ही समजूत. रस्ता, गटार, नळ, समाजमंदिर, अंगणवाडी, स्मशानभूमीचं शेड हे सगळं ‘गावाचं’, आणि दिव्यांगांसाठी ‘त्यांचा निधी’. वित्त आयोगाचा पैसा तर स्वउत्पन्नात धरलाच जात नाही, आणि लहान गावात खरी कामं त्याच पैशातून होतात. म्हणजे सगळ्यात मोठ्या खर्चाच्या वेळी हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

ग्रामपंचायतीच्या ओट्याचंच उदाहरण घ्या. जोतं दीड फूट उंच, पुढं तीन पायऱ्या. ‘दिव्यांगांसाठी रॅम्प करा’ असा आदेश आला की गवंडी पायऱ्यांच्या एका अंगाला सिमेंटची चार फुटांची घसरण करून देतो. तिच्यावरून मोटारसायकल छान चढते. चाकाची खुर्ची चढत नाही, आणि उतरताना तर ती माणसासकट पुढं जाते. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी, हे लक्षात ठेवायला अगदी सोपं माप आहे. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फुटांचा रॅम्प लागतो. एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवावा लागतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा, वरच्या टोकाला खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा हवी. शाखा अभियंत्याला हे माहीत नसतं असं नाही. पण अंदाजपत्रकात ‘रॅम्प, 1 नग’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि मोजमाप पुस्तिकेत तो नग झाला की बिल निघतं. मतदान केंद्र असलेल्या शाळांतही असे कित्येक नग सापडतील.

तीच गोष्ट शौचालयांची. स्वच्छ भारत अभियानात घरटी 12,000 रुपये मिळाले आणि एकाच नकाशावर गावंच्या गावं बांधून निघाली. दोन फुटांचं दार, आत उंबरा, बसकं भांडं, धरायला काही नाही. चाकाच्या खुर्चीला दार तीन फुटांचं लागतं. ज्या घरात पाय गेलेला माणूस आहे किंवा लकवा झालेली आजी आहे, तिथं दार रुंद करून भिंतीत एक लोखंडी नळी पक्की करायची होती. बांधतानाच हे केलं असतं तर खर्चात फारसा फरक पडला नसता. नंतर फोडून करायचं म्हटलं की तो ‘दिव्यांग निधीतून’ करायचा वेगळा खर्च होतो, आणि डोई 380 रुपयांत ते बसत नाही.

कायदा याबाबत अजिबात संदिग्ध नाही. 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्याचे नियम 15 जून 2017 रोजी प्रसिद्ध झाले आणि तिथून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ती मुदत जून 2022 मध्ये उलटून गेली. राजीव रतुरी यांनी दाखल केलेल्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं याहून पुढचं सांगितलं. सुगमतेचे मापदंड केंद्राच्या नियमांत नुसत्या शिफारशींसारखे मांडले होते. असा नियम कायद्याशी विसंगत आहे असं म्हणून न्यायालयानं तो रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक किमान मापदंड ठरवायला तीन महिने दिले. थोडक्यात, एकास बाराचा उतार ही कुणाची मेहेरबानी उरलेली नाही. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या वेळी तो 50,000 पासून पाच लाखांपर्यंत जातो. असा दंड भरलेली एखादी ग्रामपंचायत वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

आता इमारत सोडून सभेकडे वळू. ग्रामसभेची सूचना देतात कशी? दवंडी पिटून, नाहीतर घंटागाडीच्या भोंग्यावरून, आणि कार्यालयाच्या फळ्यावर कागद चिकटवून. दवंडी बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही आणि फळा अंधाला वाचता येत नाही. दोन्ही केलं तर दोघांनाही कळतं, पण प्रत्यक्षात बहुधा यातलं एकच काहीतरी होतं. सभा वरच्या मजल्यावरच्या सभागृहात असेल तर खुर्चीवरचा माणूस खालीच राहतो. मतिमंद मुलाची आई त्याला कुणाकडे ठेवून येणार, म्हणून ती येत नाही. मग गावाचा विकास आराखडा ठरतो तेव्हा या घरांतलं कुणीच तिथं नसतं आणि नंतर म्हणायचं, की त्यांची काही मागणीच आली नाही.

मागणी न येण्याला आणखी एक कारण आहे. पंचायतीच्या यादीत बहुतेक करून डोळ्यांना दिसणारं अपंगत्व असतं, म्हणजे कुबडी, पांढरी काठी, चाकाची खुर्ची. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. त्यांत मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहे, ॲसिडहल्ल्याच्या पीडिता आहेत. सिकलसेलही आहे, आणि महाराष्ट्रात ही बारीकसारीक बाब नाही. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या अनेक तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलनं वारंवार अंथरूण धरणारी तरुण मुलं आहेत. ती चालतात, बोलतात, म्हणून यादीत नसतात. यादी खरी करायची तर ग्रामसेवकानं (आता हे पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे) टेबलावर बसून चालणार नाही. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना विचारावं. कोणतं मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही, कोणत्या सुनेला ‘झटके’ येतात म्हणून माहेरी धाडलंय, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नाव यादीत आलं तरी पुढं वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा घाट असतो. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी मात्र रुग्णालयातच करावी लागते, आणि ते बहुधा जिल्ह्याच्या नाहीतर उपजिल्ह्याच्या ठिकाणी असतं. चालता न येणाऱ्या माणसानं चालता येत नाही हे सिद्ध करायला दोन एसट्या बदलून जायचं. तिथं कानाचे डॉक्टर त्या दिवशी नसले तर पुन्हा जायचं. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. चाळीस टक्क्यांच्या आत प्रमाण आलं तर पांढऱ्या पट्ट्याचं कार्ड मिळतं, आणि बहुतेक योजनांची दारं चाळीस टक्क्यांपासूनच उघडतात. इथं ती 30,000 ची रक्कम खरंच कामाची आहे. दहा-बारा माणसांची एक गाडी करून, शिबिराची तारीख आधी विचारून, पंचायतीनं त्यांना नेऊन आणलं तर डोई पाचशे रुपयांपेक्षा कितीतरी जास्त पदरात पडतं, कारण कार्ड हातात आलं की पेन्शन, एसटीची सवलत, घरकुल हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातले 5 टक्के हे मात्र मोठे पैसे असतात. त्यांतून तीनचाकी, पिठाची चक्की, झेरॉक्स मशीन अशा वैयक्तिक लाभाच्या योजना निघतात. अडचण पद्धतीची आहे. आधी वस्तू स्वतः विकत घ्या, पावती जोडा, मग पैसे खात्यात. मधला दलाल हटवायला हा नियम आला आणि त्या मर्यादेत तो योग्यही आहे. पण ज्याच्याकडे चक्की घ्यायला आधी पैसे असते, त्यानं अर्ज कशाला केला असता? सावकार किंवा तो दुकानदारच मध्ये उभा राहतो, आणि दलाल मागच्या दारानं पुन्हा आत येतो.

आपल्यापेक्षा वेगळं कुणी काही केलंय का? केरळमध्ये 2004 साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर ग्रामपंचायतीनं बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी गावातच शाळा सुरू केली. पुढं ‘बड्स’ या नावानं अशा शाळा राज्यभर झाल्या. जागा आणि पैसा स्थानिक संस्थेचा, आणि जोडीला कुटुंबश्रीच्या बचतगटांच्या बायका. मोठ्या झालेल्या मुलांसाठी पुढं पुनर्वसन केंद्रं आली. यातलं महत्त्वाचं हे, की मूल दिवसभर शाळेत असल्यामुळे आईला कामावर जाता येतं. पाचशे रुपये वाटून हे कधीच साधलं नसतं. तिथल्या पंचायती आपल्यापेक्षा मोठ्या आणि सधन असतात हे खरं. पण आपल्याकडच्या चार-पाच पंचायती एकत्र येऊन एक केंद्र चालवू शकत नाहीत, असं कुठं लिहिलंय?

तमिळनाडूनं 2025 मध्ये दुसरी वाट धरली. विधानसभेनं कायदे दुरुस्त करून स्थानिक संस्थांवर दिव्यांग व्यक्तीची नेमणूक करण्याची तरतूद केली. एकट्या ग्रामपंचायतींतच अशा सुमारे तेरा हजार जागा होतात. नेमलेला सदस्य आणि निवडून आलेला सदस्य यांत फरक राहतो, आणि सत्ताधारी आपलाच कार्यकर्ता नेमतील ही शंकाही रास्त आहे. तरीही रॅम्पचा ठराव होताना खोलीत एक चाकाची खुर्ची असली, तर ‘1 नग’ इतक्या सहज लिहिता येणार नाही, असं मला वाटतं. महाराष्ट्रानं डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग मंत्रालयात स्थापन केला. मंत्रालयात विभाग आहे, पण पंचायतीच्या टेबलाशी दिव्यांग माणूस नाही, अशी आपली स्थिती आहे.

पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा ऑक्टोबर ते डिसेंबरात होतात. तुमच्या घरात किंवा शेजारी दिव्यांग माणूस असो वा नसो, या सभेला जा. नमुना 1 म्हणजे पंचायतीचं अंदाजपत्रक. ते मागून घ्या आणि 5 टक्क्यांची रक्कम कशावर खर्च झाली ते विचारा. मग आराखड्यातलं प्रत्येक बांधकाम एकेक करून घ्या आणि रॅम्पची लांबी किती, दाराची रुंदी किती, असं विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. उत्तर मिळालं नाही तर लेखी तक्रार द्या. तरीही दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा; हक्कभंगाची चौकशी करणं हे कायद्याच्या 80 व्या कलमानुसार त्यांचं काम आहे.