सीडी शेजाऱ्याची, ‘की’ आपली

लॅपटॉप रखडायला लागला की घरोघरी एकच उपाय सुचवला जातो : ‘फॉरमॅट मारून टाक.’ मग विंडोजची सीडी किंवा पेनड्राइव्ह शोधायला कपाटं उपसली जातात. बरेचदा तो लॅपटॉपबरोबर आलेलाच नसतो. शेजाऱ्याकडे मात्र असतो. तो आणून विंडोज टाकलं, तर ती चोरी ठरते का?

सहसा नाही. आपण पैसे मोजतो ते चकतीचे नव्हे, विंडोज वापरण्याच्या परवान्याचे. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशीच, खरं तर त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. सीडी हे नुसतं भांडं.

विंडोज 7 च्या जमान्यातला लॅपटॉप उलटा करून पाहावा. खाली एक स्टिकर असतो, त्यावर पाच-पाचच्या गटांत 25 अक्षरं-आकडे. हीच ती ‘की’. वर्षानुवर्षं मांडीवर घासून हा स्टिकर इतका पुसट होतो, की मोबाइलचा टॉर्च मारूनही 8 आहे की बी हे कळत नाही. नव्याची नवलाई असतानाच फोटो काढून ठेवणारे विरळा! 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून नामांकित कंपन्या ही की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवू लागल्या. इन्स्टॉलर ती आपली आपण वाचतो. विंडोज 10 मध्ये एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे ‘माझ्याकडे की नाही’ असं सांगून पुढे जाता येतं.

फक्त आवृत्ती जुळायला हवी : होमच्या परवान्यावर प्रो चालत नाही. एका कंपनीची रिकव्हरी डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला बहुधा दारातूनच परत पाठवते. शिवाय उसन्या पेनड्राइव्हमध्ये कुणी परवान्याला बगल देणारा ‘क्रॅक’ घालून ठेवला असेल, तर व्हायरसही फुकटात मिळतो. त्यापेक्षा विंडोजचा पेनड्राइव्ह आपणच बनवावा; त्यासाठीचं मीडिया क्रिएशन टूल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत आहे. 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो.

उसनं आणणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. अमेरिकेत ई-कचऱ्याचा पुनर्वापर करणाऱ्या एरिक लुंडग्रेननं जुन्या डेल संगणकांसाठी सुमारे 28,000 रिस्टोअर डिस्क चीनमध्ये बनवून घेतल्या. आतलं सॉफ्टवेअर परवानाधारकांना फुकट मिळणारं; पण चकत्यांवर डेल आणि विंडोजची नावं अस्सल वाटावीत अशी छापलेली. परवान्याविना या डिस्कची किंमत शून्य, हा बचाव टिकला नाही. न्यायालयानं डिस्कमागे 25 डॉलर धरून 7 लाख डॉलरचा हिशेब मांडला. 15 महिन्यांची कैद आणि 50,000 डॉलर दंड ही शिक्षा 2018 मध्ये अपिलातही कायम राहिली. चकत्यांवरची नावं हा गुन्हा खराच. 25 डॉलरचा हिशेब मात्र अनेकांना आजही पटत नाही.

भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रोग्रामची वैध प्रत ज्याच्याकडे आहे, तो ती खराब होईल या भीतीनं स्वतःपुरती बॅकअप प्रत करून ठेवू शकतो. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला मात्र 7 दिवस ते 3 वर्षं कैद होऊ शकते.

फोटो आधी दुसरीकडे काढून घ्यावेत आणि मगच फॉरमॅट मारावा. नंतर इंटरनेट जोडून सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडावं. तिथं ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं, तर पेनड्राइव्ह शेजाऱ्याला परत. की जुळली नसेल, तर काही काळानं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं उमटतात, आणि कुठलीही खिडकी वर ओढली तरी ती झाकली जात नाहीत.