माळा रिकामा ठेवलेलं गाव

लेविटटाउनच्या पहिल्या घरांना जिना होता, पण तो चढून जावं तर वर काहीच नव्हतं. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या आणि एक न्हाणीघर, सगळं मिळून साडेसातशे चौरस फूट. वर नुसते वासे आणि छपराची आतली बाजू. तळघर नाही, गॅरेज नाही. आता राहायला या, पोरंबाळं झाली की वर खोल्या काढा, असा बांधणाऱ्याचा हिशेब होता. घराभोवतीची जागा मात्र साठ फूट बाय शंभर फूट, म्हणजे वाढायला चारी बाजूंनी वाव.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या नॅसॉ काउंटीत हे गाव आहे. तिथे आधी बटाट्याची शेती होती. 1941 साली शेजारच्या हिक्सव्हिलमध्ये बटाट्याच्या मुळांना लागणारी सूत्रकृमी सापडली आणि शेतकऱ्यांचा धीर खचत गेला. ज्यांना जमिनी विकायच्या होत्या त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते अब्राहम लेविट आणि त्याचे दोन मुलगे, विल्यम आणि आल्फ्रेड. आल्फ्रेड आराखडे काढी, विल्यम बांधी आणि विकी. म्हाताऱ्या अब्राहमचा जीव झाडांत. जागेचं जुनं नाव ‘आयलंड ट्रीज’. उघड्या माळावर पाइनच्या झाडांचा एकच पुंजका बेटासारखा दिसायचा, म्हणून ते पडलेलं. तिथे अब्राहमने प्रत्येक अंगणात फळझाडं लावून घेतली. नाव मात्र लवकरच बदललं आणि गावाला घराण्याचं नाव लागलं. जुनं नाव उरलं ते एका शाळामंडळापुरतं. 

दुसरं महायुद्ध संपून लाखो सैनिक घरी परतले होते, पण परतायला घर होतं कुठे? तरुण जोडपी सासरी-माहेरी एका खोलीत संसार थाटून होती. मे 1947मध्ये लेविटांनी माजी सैनिकांसाठी भाड्याची दोन हजार घरं जाहीर केली, भाडं महिना 60 डॉलर. दोनच दिवसांत निम्मी घरं नोंदली गेली. गाव ज्याच्या हद्दीत येतं त्या हेम्पस्टेडच्या बांधकाम नियमांत घराला तळघर सक्तीचं होतं. माजी सैनिकांनी सभागृह भरून टाकलं आणि नियम बदलला. 1 ऑक्टोबर 1947 रोजी पहिली कुटुंबं राहायला आली.

बांधण्याची तऱ्हा कारखान्याची, फक्त उलटी. मोटारीच्या कारखान्यात माणूस जागेवर उभा असतो आणि गाडी पुढे सरकते. इथे घर जागेवर आणि माणसं सरकणारी. विल्यम लेविट युद्धात आरमाराच्या बांधकाम तुकडीत होता, त्याआधी व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये युद्धकामगारांसाठी घाईने घरं बांधताना त्याने हात बसवून घेतला होता. घराचं काम त्याने सव्वीस-सत्तावीस टप्प्यांत तोडलं. मापात कापलेलं लाकूड, नळ्या, विटा यांचे सारखे गठ्ठे ट्रक ठरावीक अंतरावर टाकून जात. मग एक टोळी जोत्याचा काँक्रीटचा कोबा घाली, दुसरी सांगाडा उभारी, तिसरी छप्पर घाली. रंगाऱ्यांतही वाटणी होती: पांढरा लावणारा दिवसभर पांढराच लावी. लाकूड कंपनीच्या स्वतःच्या गिरणीतलं, खिळेसुद्धा घरचे, मजूर संघटनेबाहेरचे. काम भरात असताना दिवसाला तीस घरं पुरी होत. 1951पर्यंत आकडा 17,447वर गेला.

त्या कोब्याकडे जरा वाकून पाहायला हवं. तळघर नाही म्हणजे घर थेट कोब्यावर बसलेलं. म्हणून कोब्यातच तांब्याच्या नळ्या पुरल्या आणि त्यांतून गरम पाणी खेळवलं. बाहेर बर्फ असताना अनवाणी पायांना जमीन कोमट लागे, रांगणाऱ्या पोरांची चैन. पुढे नळी गळू लागली की मात्र जमीन फोडायची पाळी. 1949मध्ये नवा नमुना आला, किंमत 7,990 डॉलर. त्यात स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणलं, दिवाणखाना मागे नेऊन त्याला अंगणाकडे मोठी काच बसवली. कपडे धुण्याचं यंत्र घराबरोबरच मिळे. 1950च्या नमुन्यात तर टीव्ही जिन्याच्या कडेला भिंतीतच बसवलेला. सैनिकाला सरकारी हमीवर कर्ज मिळे, आधी एक डॉलरही भरावा लागत नसे आणि हप्ता भाड्याएवढाच पडे. त्यामुळे भाडेकरू धडाधड मालक झाले. जुलै 1950मध्ये विल्यम लेविट ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकला.

नियम मात्र घरमालकाच्या खडूसपणाचे. कुंपण घालायचं नाही. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला हिरवळ कापायची. न कापल्यास कंपनीची माणसं येऊन कापत आणि बिल पाठवत. कपडे मागच्या दारी, छत्रीसारख्या फिरत्या दांडीवरच वाळत घालायचे आणि तेही शनिवार-रविवारी नाही. लुईस ममफर्डसारख्या नगररचनेच्या टीकाकारांनी सगळी घरं एकाच साच्यातली म्हणून नाकं मुरडली. मला ही टीका नेहमीच थोडी पोट भरलेल्या माणसाची वाटत आली आहे. ज्याला घरच नाही त्याला शेजाऱ्याचं घर आपल्यासारखं दिसतं याचा त्रास कशाला होईल?

खरं दुखणं दिसण्यात नव्हतंच, ते करारनाम्यात होतं. सुरुवातीच्या भाडेकरारातल्या पंचविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं, की कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही या जागेत राहू देता येणार नाही. लगेच पुढे सवलत: घरकामाचे नोकर कॉकेशियन नसले तरी चालतील. पुढे 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की असली कलमं न्यायालयांना राबवता येणार नाहीत. कलम गेलं, वहिवाट राहिली. युद्धात लढून आलेले कृष्णवर्णीय सैनिक नमुना-घर पाहायला येत आणि विक्रेता त्यांना सरळ परत पाठवी. घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमपुस्तिकेतच अशा बंधनांची शिफारस होती, तेव्हा लेविट एकटा दोषी नाही, हे खरं. त्याचा स्वतःचा बचाव असा, की घराचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा, दोन्ही एकदम सोडवता येणार नाहीत. हे बोलणारा माणूस ज्यू होता, राबीचा नातू.

‘कॉकेशियन’ या शब्दाशी आपलाही जुना संबंध आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितलं, तेव्हा 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही. म्हणजे थिंड यांच्यासारखा माजी सैनिक 1947मध्ये लेविटच्या कचेरीसमोर रांगेत उभा राहिला असता, तर त्याचं काय झालं असतं याचा अंदाज वाचकाने करावा. भारतीय मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागले ते 1965च्या स्थलांतर कायद्यानंतर.

घरं मात्र साच्यात राहिली नाहीत. माळ्यावर खोल्या निघाल्या, छपराला खिडक्या फुटल्या, गाडीसाठी गॅरेज आलं, मागे खोली वाढली, पुढे ओटा आला. रविवारी हातोडी घेऊन शेजारी शेजाऱ्याच्या छपरावर चढत. आज एका रांगेतली दोन घरंसुद्धा सारखी सापडायची नाहीत आणि मूळ रूपातलं घर शोधूनही सहजी मिळत नाही. कुंपणंही आली. आठ हजारांच्या आतलं घर आता सहा लाख डॉलरच्या पुढे विकलं जातं. लेविटांनी राखलेले हिरवे चौक आणि पोहण्याचे नऊ तलाव अजून आहेत. इतकं मोठं गाव, पण त्याला ना स्वतःचा महापौर ना नगरपालिका. कारभार हेम्पस्टेडकडून चालतो.

माणसांचा साचा मात्र हलायला फार वेळ लागला. 1990च्या जनगणनेत 53 हजारांवर वस्तीत कृष्णवर्णीय दीडशेही भरले नाहीत. 2020 साली वस्ती 51 हजारांच्या वर होती. लॅटिनो आणि आशियाई कुटुंबं आता दिसू लागली आहेत, पण कृष्णवर्णीय अजूनही शंभरात एक-दोनच. घर वाढवता यावं म्हणून ज्याने माळा मोकळा सोडला, त्याने दार कुणाला उघडायचं हे आधीच ठरवून टाकलं होतं. वासे मोडून खोली काढणं एका उन्हाळ्याचं काम; पहिल्या मालकांनी मुलांना, मुलांनी ओळखीच्यांना घर द्यावं, असं चालत आलेलं मोडायला सत्तर वर्षंही पुरली नाहीत.

विल्यम लेविटने 1968 साली कंपनी 92 दशलक्ष डॉलरच्या व्यवहारात आयटीटी या उद्योगसमूहाला विकली. पैसा पुढच्या धंद्यांत बुडाला. 1994 साली तो वारला, तेव्हा हाती जवळजवळ काही उरलं नव्हतं.

गाव पाहायला जाणार असाल तर न्यूयॉर्कहून रेल्वेने हिक्सव्हिलला उतरा, कारण लेविटटाउनला स्टेशन नाही. अ‍ॅबी लेनवर जुन्या शाळेच्या इमारतीत इतिहास मंडळाचं छोटं संग्रहालय आहे. कधी उघडं असतं ते आधी विचारून जा. भूक लागली तर परतताना हिक्सव्हिलमध्येच थांबा. तिथल्या साउथ ब्रॉडवेवर साड्यांची, मिठाईची आणि भारतीय किराण्याची दुकानं ओळीने लागली आहेत.