लोणी भापकरचं दगडी दप्तर

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला बाहेरचा माणूस येतो तो मल्लिकार्जुनाचं देऊळ, तिथली देवकोष्ठांची पुष्करणी आणि यज्ञवराह पाहायला. या दगडी वराहाच्या अंगावर विष्णूच्या इवल्या मूर्तींची झूलच चढवलेली आहे. फोटो निघतात, गाड्या मोरगावकडे वळतात. गावच्या माणसांचा इतिहास मात्र काळभैरवनाथाच्या देवळापाशी, वीरगळांच्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, रूपानं उभा आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला; जवळ गाई दिसल्या तर गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला, असं समजायचं. मधे लढाई, ढाल-तलवार, क्वचित घोडा. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहणार.

कीर्ती कुणाची, हे मात्र दगड सांगत नाही. कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. आपल्याकडचे बहुतेक मुके. मला ही जुन्या गावाची बेफिकिरी वाटत नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नाव ठाऊकच होतं, ते कोरायचं कशाला? पुढच्या पिढ्यांनी शेंदूर फासला आणि कुणाचा तरी आजा देव होऊन बसला. गावोगावच्या जीर्णोद्धारांत हे दगड ऑइलपेंटनं रंगतात, नाहीतर ओट्यात चिणले जातात. मग तळाची चौकट, म्हणजे मरणाचं कारण सांगणारा भागच, सिमेंटखाली जातो.

नावं हवीत तर कागद धुंडाळावे लागतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, बहुतेक मोडीत. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा गोतसभेपुढे आला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई आणि त्यात हजर असलेल्यांची नावं येत. सहीच्या जागी पाटलाचा नांगर, सुताराचं किकरं; अक्षरओळख नसलेला माणूसही आपल्या अवजारानं साक्ष देई. पण ज्या घराला वतनच नाही त्याचा पत्ता इथं लागणं कठीण, आणि बायकांचा त्याहून.

त्या बायकांकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ गेले. पुण्यातून काम करत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रित झाल्या. आज ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या प्रसिद्ध करतो. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. त्यामुळे एकच ओवी चार गावांत सापडली, तरी चौघींची नावं राहतात.