ध्वनिक्षेपण-कक्षासाठी मराठी पुस्तिका

सांगलीस १९६३ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, त्या काळी ध्वनिफीत आणि तबकडी हाताळण्याची विद्या नवशिक्यास ज्येष्ठांच्या सान्निध्यात राहून आत्मसात करता येत असे. पुढे २००६ साली केंद्र सरकारने सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे परवाने देण्याचे धोरण स्वीकारले आणि सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी, तर सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात जालिहाळ येथे येरळावाणी, अशी ग्रामीण केंद्रे उभी राहिली. अशा लहान केंद्रांत अनुभवी तंत्रज्ञ सदासर्वकाळ हजर असणे दुरापास्त. त्याची उणीव पुस्तिकेने भरून काढावयाची असते, आणि म्हणूनच ती कशी लिहिली जाते हा प्रश्न गौण नव्हे.

कार्यक्रमांचा संग्रह राखणे, दिवसाचा क्रम लावणे, नेमक्या क्षणी ध्वनिमुद्रण वाजविणे आणि प्रक्षेपणाची नोंद दप्तरी ठेवणे ही कामे आज रिव्हेंडेल किंवा लिब्रेटाइम यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअरे करतात. परंतु केवळ बटणांचे वर्णन करणारी इंग्रजी पुस्तिका, उद्या पहाटे सहाचा शेतीविषयक कार्यक्रम कसा लावावा, या निवेदिकेच्या साध्या प्रश्नास उत्तर देत नाही. केंद्राची वेळ भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर राहिली, तर तोच कार्यक्रम यंत्रात काडीमात्र दोष नसताना साडेअकराला वाजतो; ही सूचना पुस्तिकेच्या आरंभीच हवी. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जतन करण्याचे बंधन सामुदायिक केंद्रांवर असल्यामुळे ती मुद्रणे कोठे साठतात, हेही तीत स्पष्ट असावे.

उत्तम पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने असावी. आवाज अकस्मात बंद पडल्यास संगणक, मिक्सर आणि प्रक्षेपक यांची तपासणी कोणत्या अनुक्रमाने करावी, याचे स्वतंत्र पान असावे. आणि ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे, याचा उल्लेख मुखपृष्ठावरच असावा. मसुदा तयार झाला की तो नवख्या सहकाऱ्याच्या हाती देऊन, आपण एक शब्दही न सांगता, त्यास काम करू द्यावे. जेथे तो अडखळेल तेथील वाक्य नव्याने लिहावे.

या दोन्ही सॉफ्टवेअरांचे परवाने मुक्त असल्यामुळे त्यांत सुधारणा करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या केंद्रातील निवेदकांसह अशी मराठी पुस्तिका लिहिण्याचे कार्य अंगावर घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.