बँकेची हमी आणि न्यायालयाचा मनाई हुकूम

खानदेशच्या आर्थिक जीवनात बँकेच्या लेखी वचनाला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. रावेर-यावल भागातील केळी शीत कंटेनरमधून परदेशी रवाना होतात, तेव्हा मालाच्या किमतीची शाश्वती अनेकदा पतपत्राद्वारे मिळते. धुळे वा जळगाव जिल्ह्यातील एखाद्या गावी पाणीपुरवठा योजनेचे काम निघते, तेव्हा कंत्राटदाराकडून बँकेची हमी घेतली जाते. पहिल्या व्यवहारात बँक विक्रेत्याला वचन देते, तर दुसऱ्यात काम देणाऱ्या संस्थेला. परंतु पुढे तंटा उद्भवला आणि एका पक्षाने दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागितला, तर या वचनाचे काय होते? सार्वजनिक पैशाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना याचे उत्तर माहीत असणे अगत्याचे आहे.

दोन वेगळे करार

अशा व्यवहारात एक करार मूळ पक्षांमध्ये असतो. दुसरे बंधन बँक स्वतः पत्करते आणि ते पहिल्यापासून स्वतंत्र असते. पतपत्राखाली बँक माल पाहत नाही, कागदपत्रे पाहते. बीजक, जहाजावर माल चढविल्याची पावती, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र इत्यादी कागद पतपत्रातील अटींशी जुळले की तिला पैसे द्यावे लागतात. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने याविषयीचे नियम प्रथम 1933 मध्ये तयार केले. त्यांची सुधारित आवृत्ती 1 जुलै 2007 पासून अमलात आहे. फळ हलक्या प्रतीचे निघाले, अशी खरेदीदाराची तक्रार असल्यास तिच्यासाठी वेगळा दावा करता येतो. पण तेवढ्यावरून बँकेचे देणे थांबत नाही.

न्यायालयांची भूमिका

फराक्का धरणाच्या कालव्याचे काम करणाऱ्या एका भारतीय कंपनीने सोव्हिएत संस्थेकडून माती खोदाईची यंत्रे घेतली होती. यंत्रे समाधानकारक चालत नाहीत म्हणून पतपत्राखालील रक्कम रोखावी, अशी तिची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ती नाकारली. युनायटेड कमर्शियल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया या 1981 च्या निकालातही, बँकांमधील पतपत्राच्या देण्यात न्यायालयांनी सहसा हस्तक्षेप करू नये, हे तत्त्व मांडले गेले.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे प्रकरण तर विशेष उद्बोधक आहे. मंडळास माल पुरविणाऱ्या केरळातील एका कंपनीच्या वतीने बँकेने 50 हजार रुपयांपर्यंतची हमी दिली होती. पुढे ती कंपनी परिसमापनात गेली. कंपनीच बुडाली, तेव्हा मंडळास पैसे देऊ नयेत, असा प्रश्न उपस्थित झाला. हमीखाली दिली जाणारी रक्कम बँकेची स्वतःची असते, कंपनीची नव्हे. सबब बँकेचे बंधन कायम राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला.

यामागील कारण उघड आहे. प्रत्येक तंट्यात हमी गोठविता आली, तर तिच्यावर विसंबून काम देण्यास वा माल पाठविण्यास कोणी धजणार नाही. आधी पैसे द्यावेत आणि वाद नंतर लढावा, हीच या व्यवस्थेची घडी आहे. रक्कम अन्यायाने वसूल झाली असल्यास कंत्राटदार ती दावा करून परत मिळवू शकतो.

दोन अपवाद

वनस्पती तुपाच्या कारखान्यासंबंधीच्या उत्तर प्रदेश सहकारी संघाच्या खटल्यात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद स्पष्ट केले. पहिला, व्यवहाराच्या मुळावरच घाव घालणारी आणि बँकेस ज्ञात असलेली उघड लबाडी. दुसरा, भरून न निघणारा अन्याय. केवळ आरोप पुरेसा नसतो. सबळ पुरावा लागतो.

लबाडीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण 1941 मधील न्यूयॉर्कचे आहे. त्यात विक्रेता लखनौचा होता. ब्रशसाठी लागणाऱ्या राठ केसांच्या 50 पेट्यांऐवजी त्याने गाईचे केस आणि केरकचरा भरून पाठविला, असा खरेदीदाराचा आरोप होता. तो खरा असेल, तर केवळ कागद बिनचूक आहेत म्हणून बँकेने पैसे देणे भाग नाही, असे त्या न्यायालयाने मानले.

हमीपत्राचे शब्द

हमी कितीही भक्कम असली, तरी ती तिच्या शब्दांपलीकडे जात नाही. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हमी मुख्य अभियंत्याच्या नावे होती, मागणी मात्र कार्यकारी अभियंत्याने केली. शिवाय हमी बिनशर्त नव्हती. परिणामी 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाविरुद्ध निकाल दिला. म्हणजे धोका न्यायालयाच्या हुकुमापेक्षा पुष्कळदा आपल्याच कपाटातील कागदात असतो.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

हमी मिळताच ती खरी असल्याची खात्री संबंधित बँक शाखेकडून परस्पर लेखी करून घ्यावी. ती बिनशर्त आहे काय आणि मागणीचा अधिकार कोणाला आहे, हे तपासावे. मुदतीची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. काम अपुरे असल्यास मुदतवाढ वेळीच मागावी. मुदत संपल्यावर केलेली मागणी म्हणजे वरातीमागून घोडे होय. मागणीपत्र अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने, हमीपत्राच्याच भाषेत आणि मुदतीच्या आत शाखेत पोहोचले पाहिजे.

दुसरा पक्ष न्यायालयात जाण्याचा संभव दिसल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट दाखल करता येते. ते 90 दिवस अमलात राहते. एकतर्फी मनाई हुकूम झालाच, तर तो उठविण्यासाठी आदेश 39, नियम 4 खाली विनाविलंब अर्ज करावा. हुकूम चालू असताना हमीची मुदत संपत असेल, तर ती वाढविण्याचा आदेशही न्यायालयाकडे मागावा.

मात्र हा अधिकार रागाच्या भरात वापरण्याचे शस्त्र नव्हे. कामातील दोष मोजमाप पुस्तकात आणि पत्रव्यवहारात नोंदलेले असावेत. कारण पुढे होणाऱ्या दाव्यात वसुलीचे समर्थन संस्थेलाच करावे लागते. गावाच्या नळाला पाणी येवो वा न येवो, हमीची तारीख थांबत नसते. ती तारीख सांभाळणारा दक्ष ग्रामसेवक वा अभियंता हाच सार्वजनिक निधीचा खरा राखणदार होय.