कुत्रा पाळण्याचा हक्क आणि सफाईचे कर्तव्य

वसई-विरार महापालिका हद्दीतील नायगावच्या गृहसंकुलांत कुत्र्याच्या विष्ठेवरून खटके उडतात, तेव्हा कायदा काय सांगतो? गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात नमूद आहे. कायद्याचे पाठबळ नसेल, तर संस्थेला विष्ठा उचलण्याची विनंती करता येते, सक्ती नव्हे. सक्तीचा अधिकार महापालिकेच्या उपविधींतून येतो. मुंबई महापालिकेने २००६ च्या उपविधींत हे कर्तव्य मालकावर सोपवून ५०० रुपये दंड ठरविला. मात्र दंडाचे भय नसले, तरी विष्ठेतील जंतांची अंडी मातीत अनेक महिने तग धरतात आणि तेथे खेळणाऱ्या मुलांना त्यांची बाधा होऊ शकते. त्यामुळे फिरायला निघताना साखळीसोबत पिशवीही हाती असणे हेच जबाबदार मालकाचे लक्षण होय.