एक्स-किरणांतले आकाश

बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या गच्चीवरून रात्री वर पाहिले, तर शहराच्या झगमगाटात मोजकेच तारे दिसतात. एक्स-किरणांचे आकाश मात्र काळोख्या माळरानावरूनही दिसत नाही, कारण हे किरण वातावरणातच शोषले जातात. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते.

बेळ्ळंदूरपासून जवळच, विमानपुरा भागात इस्रोचे यू. आर. राव उपग्रह केंद्र आहे. बंगळूरमध्ये जुळणी झालेली 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावली आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर स्थिरावली. अपेक्षित आयुष्य होते ५ वर्षांचे. ती त्याहून कितीतरी अधिक काळ काम करत राहिली.

एक्स-किरण साध्या आरशावर सरळ आदळले की परावर्तित होत नाहीत. पाण्याला चाटून उडणाऱ्या भाकरीसारख्या दगडाप्रमाणे ते अगदी तिरपे आले, तरच वळतात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीसाठी सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे एकात एक बसवले. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेनेही या मोहिमेला मोठा हातभार लावला. कृष्णविवरात पडणारा तप्त वायू आणि गॅमा-किरणांचे स्फोट यांचे वेध अ‍ॅस्ट्रोसॅटने घेतले.

हा वारसा पुढे चालला आहे. १ जानेवारी २०२४ रोजी 'एक्स्पोसॅट' हा उपग्रह अवकाशात गेला. एक्स-किरणांचे ध्रुवीकरण मोजणारे त्यावरील 'पोलिक्स' हे उपकरण बंगळूरच्याच रामन संशोधन संस्थेने घडवले.